कुंभोजकरांचे कान

सौभाग्य मंगल कार्यालयाच्या फाटकातून आमचा टेम्पो आत शिरला, तेव्हा आतली दोनशे माणसं एकदम हसली.

आम्हाला नव्हे. ती आधीपासूनच हसत होती. पण पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मागे रुखवताच्या खोक्यांवर बसलेली कुमुदआत्या आणि तिच्या मांडीवर सांभाळून धरलेलं साखरेचं तुळशीवृंदावन, असा आमचा थाट होता. त्यामुळे क्षणभर तसं वाटलं खरं.

"मुलाकडची मंडळी आधीच आली वाटतं," आत्या म्हणाली. "काय मोकळी माणसं आहेत रे."

शुक्रवारची सकाळ होती. शनिवारी अकरा सव्वीसला माझ्या मोठ्या बहिणीचं, वैजूचं लग्न. मी उतरून हॉलमध्ये डोकावलो. जिथे उद्या बोहलं यायचं होतं, तिथे एक टक्कल पडलेले गृहस्थ दोन्ही हात वर करून उभे होते आणि त्यांच्यासमोर पिवळे टी-शर्ट घातलेली माणसं रांगेत उभी राहून पोटाला धरून हसत होती. वर फलक होता : 'हास्यानंद परिवार, तीन दिवसांचे निवासी शिबिर'. जेवणघरात गाद्या पसरल्या होत्या. वधूपक्षाच्या खोलीत दोरीवर सतरा टॉवेल वाळत होते.

तेवढ्यात नाना स्कूटरवरून आले. नाना म्हणजे आमचे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी स्कूटर लावली, हसण्याच्या आवाजाकडे कौतुकानं बघितलं, तोच ऑफिसच्या दारातून कुंभोजकर बाहेर आले.

कुंभोजकर तिथले व्यवस्थापक. सत्तरीचा, किडकिडीत, खिशाला दोन पेनं लावणारा माणूस. एकतीस वर्षं ते कार्यालय त्यांनी चालवलं होतं. गावातल्या निम्म्या जोडप्यांना आपल्या लग्नाची तारीख आठवत नसे, ती त्यांना आठवे. त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला.

"नाना, फार वाईट वाटलं."

"कशाचं?"

"लग्नाचं हो. पण असतं एकेकाच्या नशिबात. हे सामान आता परत द्यायला निघालात का?"

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. आत शिबिराचे गुरुजी म्हणाले, "आता सिंहहास्य," आणि दोनशे माणसांनी जिभा बाहेर काढल्या.

याच वेळी फाटकातून पांढरी गाडी आत आली. हे दिवाण, वैजूचे होणारे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलाकडच्यांच्या खोल्या कशा आहेत, पंखे चालतात का, हे स्वतः बघायला ते कोल्हापूरहून आले होते. दिवाण वाईट नव्हते, पण गळती शोधण्यात सगळी नोकरी गेलेली. वैजूचं आधी एकदा साखरपुडा होऊन फिसकटलं होतं. नकार मुलाकडून आला होता, पण गावात चर्चा झाली ती वैजूची. त्यामुळे दिवाणांनी ठरवताना तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या माणसांना एकच प्रश्न विचारला होता : "मुलीच्या मनात नक्की आहे ना?"

ते गाडीतून उतरले ते नेमके कुंभोजकरांच्या पुढच्या वाक्याला.

"तुमच्याच घरच्यांकडून कळलं मला. मागच्याच्या मागच्या बुधवारी मी फोन केला होता, तयारीचं विचारायला. लग्न वाढवलं म्हणून सांगितलं."

इथे आमच्या आत्याबद्दल सांगायला हवं. आई गेल्यापासून घर तिनंच चालवलेलं. घरात कार्य ठरल्यापासून तिनं अशुभ शब्दांवर बंदी घातली होती. मोडलं, फुटलं, संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. जुनी माणसं म्हणतातच : मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मी बावीस वर्षांचा होतो आणि गावात माझी ख्याती विनोदी म्हणून होती. मी तो नियम मनापासून पाळला. त्या महिन्यात आमच्याकडे दोन कपबश्या, एक ट्यूबलाइट आणि नानांचा चष्मा वाढला. माझा एम. कॉम.चा एक पेपर वाढला. आत्यासुद्धा शेवटी हसायला लागली होती.

"वाढवलं म्हणजे?" दिवाणांनी विचारलं.

"म्हणजे..." कुंभोजकर अडखळले. समोर कोण आहे हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. "म्हणजे, होणार नाही असं."

"कोणी सांगितलं?"

कुंभोजकरांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काका," मी म्हणालो, "मी वाढलं म्हणालो होतो. वाढवलं नाही. माणसं वाढली. अडीचशेची चारशे झाली, जेवणाचं त्या हिशेबानं बघा, असं सांगत होतो मी."

कुंभोजकरांनी दिवाणांकडे बघितलं, मग नानांकडे, मग टेम्पोत वृंदावन धरून बसलेल्या आत्याकडे. त्यांनी उजव्या कानात करंगळी घातली आणि पाणी गेल्यासारखी हलवली.

"असेल," ते म्हणाले. "हल्ली या कानानं कमीच येतं ऐकू. माझ्याच ऐकण्यात घोटाळा झाला असणार."

पहिल्यांदा हसले ते दिवाण. सुटका झाल्यासारखे हसले. "अहो, म्हणजे माणसं वाढली. आणि यांनी लग्नच वाढवून टाकलं." त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. नानाही हसले.

आत्या मात्र खाली उतरली. "कुंभोजकर, ऐकू येत नाही तर फोनवर बसता कशाला? दुसऱ्या कुणाला द्यावा. उद्या पोरीला अक्षता कुठे टाकू मी, रस्त्यावर?" तिला रडू कोसळलं. एक पिवळे गृहस्थ धावत आले आणि तिला म्हणाले, "ताई, रडू आलं की पोटातून हो हो हो करायचं, आपोआप उतरतं." आत्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की ते उलट्या पावली शिबिरात गेले.

कार्यालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष आवटी आले. शिबिराला चार जिल्ह्यांतून माणसं आली आहेत, त्यांना आज कुठे हलवणार, असं त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. मग सगळ्यांसमोर, फाटकात, ते कुंभोजकरांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "सोमवारपासून यायचं नाही. समजलं का? ऐकू आलं का?"

"आलं," कुंभोजकर म्हणाले.

मी टेम्पोची दोरी सोडवत होतो. ती सुटलेलीच होती. मी परत बांधली आणि परत सोडवली.

गावातली इतर चार कार्यालयं लागलेली होती, त्या मुहूर्तावर सगळा तालुकाच लग्न करत होता. शाळेत परीक्षेचं केंद्र. नाना कट्ट्यावर बसून राहिले. "घरासमोर मांडव घालू," ते म्हणत होते, आणि आमच्या घरासमोर एक गटार, एक विजेचा खांब आणि शेजाऱ्यांची म्हैस होती.

मार्ग काढला कुंभोजकरांनीच. त्यांनी बाबू मगदुमांना फोन लावला. हे मगदूम बेदाण्याचे अडते, नानांचे शाळेतले दोस्त. आमचं गाव बेदाण्याच्या बाजाराचं. मार्केट यार्डात सौद्यांसाठी एक मोठा पत्र्याचा हॉल आहे. शनिवारी सौदे बंद असतात.

मगदूम पंधरा मिनिटांत मोटरसायकलवर आले. "नाना, उठा की. हॉल हाय आपला. सभापतींना विचारलंय मी. फकस्त खाली जरा चिकटतंय बगा, बेदाणा तुडवून तुडवून फरशीला पाक बसलाय. त्ये धुऊन काढू."

"बेदाण्याच्या हॉलमध्ये लग्न?" दिवाण म्हणाले.

"गोडच की मग," मगदूम म्हणाले. "कडू हाय का काय बेदाणा?"

दुपारभर आम्ही फरशी धुतली. मी, नाना, मगदुमांचे हमाल आणि कुंभोजकर. बेदाण्याची फरशी पाण्यानं सुटत नाही, फक्त जास्त चिकटते. ती गरम पाणी आणि राखेनं सुटते, हे कुंभोजकरांना माहीत होतं. चौरंग, आंतरपाट, समया त्यांनी स्वतःच्या घरून आणल्या. आचाऱ्याला चूल कुठे मांडायची हे दाखवलं. पत्रिकांवरचा पत्ता फुकट गेला होता, तर सौभाग्यच्या फाटकावर लावायला पाट्या नानांकडून रंगवून घेतल्या आणि हास्यानंदवाल्यांच्या दोन स्वयंसेवकांना दुसऱ्या दिवशी तिथे उभं करायचं ठरवलं. पाहुणा आला की त्यांनी हसून मार्केट यार्डाचा रस्ता दाखवायचा. काही पाहुण्यांना वाटलं, हा स्वागताचा नवा प्रकार आहे.

आणि सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत होते. "कुंभोजकर, खुर्च्या," नाना ओरडत. "खुर्च्याऽऽ." कुंभोजकर कानामागे हात धरून "आँ?" म्हणत आणि मग खुर्च्या आणत. आचारी ओरडे, हमाल ओरडत. मगदुमांनी तर बोटांनी खुणा करायला सुरुवात केली, अडत्यांची सवय. कुंभोजकर त्या खुणांनाही मान डोलवत.

वैजूला मी घरी जाऊन सांगितलं. ती मेंदीचे हात पसरून बसली होती.

"बेदाण्याच्या हॉलमध्ये," ती म्हणाली.

"हो. सौदा अकरा सव्वीसला."

ती खूप हसली. "उन्म्या, तू नसतास तर मी आज रडले असते बघ."

मी पाणी प्यायला आत गेलो.

लग्न झालं. चांगलं झालं. बोहल्याच्या बरोबर वर भिंतीवर रंगवलेली सूचना होती : 'माल पाहून खात्री करून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.' ती झाकायला नानांनी फुलांची माळ सोडली होती, पण तिनं फक्त 'पाहून' झाकलं. अक्षता कमी पडल्या तेव्हा मागच्या रांगांतून बेदाणे आले. एक दिवाणांच्या चष्म्यावर बसला आणि त्यांनी तो काढून खाल्ला. म्हणाले, चांगला आहे.

मंगलाष्टकं संपून ताशा वाजू लागला, तेव्हा चारशे माणसांच्या गलक्यात मी कुंभोजकरांना बघितलं. ते हॉलच्या एका टोकाला उभे होते. अचानक त्यांनी मान वळवली आणि झपझप चालत दुसऱ्या टोकाला, पडद्यामागे, आचाऱ्याकडे गेले. मी मागोमाग गेलो. सिलेंडरची नळी सैल झाली होती आणि बारीक सूंऽ आवाज येत होता. शेजारी उभ्या असलेल्या आचाऱ्याला तो ऐकू आला नव्हता. कुंभोजकरांनी कॉक बंद केला, नळी बसवली आणि वळले. समोर मी.

आतापर्यंत सांगितलं ते सगळं घडलं तसंच सांगितलं. फोनवर जे झालं ते मात्र मी फाटकात जे सांगितलं ते नव्हतं.

त्या बुधवारी मी मित्रांबरोबर मिसळीच्या गाडीवर होतो. कुंभोजकरांचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला, कारण ते फार शुद्ध बोलत आणि मित्रांना ते ऐकवायचं होतं.

"आपल्याकडील कार्याची तयारी कुठवर आली?" त्यांनी विचारलं.

"कार्य वाढवलं आम्ही," मी म्हणालो. घरात महिनाभर चाललेलाच विनोद.

पलीकडून, "अरेरे. म्हणजे... मोडलं?"

त्या वेळी मी हसून सांगू शकलो असतो. पण समोर तिघं मित्र तोंडात रुमाल कोंबून बसले होते. मी आवाज जड केला. तो मला फार छान जमतो.

"हो काका. मुलगीच नाही म्हणतेय. तिचं दुसरीकडे आहे."

एक मित्र बाकावरून खाली पडला.

"तिच्यावर रागावू नका," कुंभोजकर म्हणाले. "आणि नानांना जपा. मी त्यांना या बाबतीत फोन करणार नाही, बरं दिसत नाही ते. तारखेचं मी बघतो."

"उपकार होतील," मी म्हणालो.

लगेच परत फोन करून खरं सांगायचं, असं ठरलं होतं. मग मिसळ आली.

पडद्यामागे, सिलेंडरपाशी, मी म्हणालो, "काका, मी तुमची..."

"मोठ्यानं बोल," कुंभोजकर हळू आवाजात म्हणाले. "आचारी बघतोय."

मला मोठ्यानं बोलता येईना. त्यांनी मला पाण्याच्या पिंपामागे नेलं.

"काल त्या दिवाणांसमोर मी काय सांगायला हवं होतं?" त्यांनी विचारलं. "जे ऐकलं ते?"

मी पिंपाचं झाकण नीट बसवलं.

"सांगितलं असतं तर गाडी तिथूनच मागे वळली असती. ती थट्टा होती असा खुलासा तू केला असतास, तर तो कुणी मानला असता? सारवासारव म्हणाले असते." त्यांनी ओले हात परीटघडीच्या पायजम्याला पुसले. "मला राग आला आहे. तो जाणार नाही, तेव्हा माफी मागू नकोस. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक तारीख चुकली नव्हती."

"मी नानांना आत्ता सांगतो."

"अजिबात सांगायचं नाही. मुलीच्या डोक्यावरच्या अक्षता वाळल्या नाहीत अजून. दोन वर्षं थांब. पोरगी सासरी रुळू दे. मग सगळ्यांना सांग, आवटींनासुद्धा. माझे कान तेवढे मला परत दे. मला घाई नाही, मी थांबतो."

मी मान डोलावली. बाहेरून नाना ओरडले, "कुंभोजकर, ताटंऽऽ." कुंभोजकरांनी कानामागे हात धरला आणि "आँ?" म्हणत बाहेर गेले.

याला नऊ वर्षं झाली. कुंभोजकरांना परत कुठल्या कार्यालयानं ठेवलं नाही. बहिरा व्यवस्थापक कोण ठेवणार? ते अधूनमधून मला बाजारात भेटतात. जवळपास कुणी नाही हे बघून विचारतात, "रुळली का रे पोरगी?"

वैजूला सात वर्षांची मुलगी आहे. वैजू स्वतः त्यांच्या सोसायटीची सचिव आहे. मागच्या वर्षी दिवाणांनी घर तिच्या नावावर केलं.

"रुळतेय काका," मी म्हणतो.

"बरं," ते म्हणतात. "बरं."

तो किस्सा मात्र दिवाणांच्या घरात फार चालतो. कुठलंही कार्य असो, जेवणं झाली की दिवाण म्हणतात, "उन्मेष, तो बहिऱ्याचा सांग." आणि मी उठतो. कुंभोजकरांचा आवाज मी हुबेहूब काढतो. कानामागे हात, मान जराशी पुढे, "आँ? लग्न वाढवलं?" लोक गडाबडा लोळतात. मी त्यात दर वेळी थोडी भर घालतो. हल्ली माझे कुंभोजकर खुर्च्या मागितल्या की खिचडी आणतात.

गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला मी तो सांगितला. वीस-पंचवीस माणसं होती. नाना सगळ्यांत जास्त हसले, त्यांना खोकला येईपर्यंत. संपल्यावर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वैजू ओट्यापाशी ताटल्या विसळत होती.

"उन्म्या," ती पाठमोरीच म्हणाली, "मागे यात्रेत कुंभोजकर काका भेटले होते. मी गर्दीत मागून हळूच हाक मारली, तर लगेच वळले. म्हणाले, रुळलीस का गं?"

मी भांडं तोंडाला लावलं.

"तू फोनवर त्यांना नक्की काय म्हणाला होतास?"

नऊ वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. नळ चालू होता, बाहेर कुणाला ऐकू गेलं नसतं. मला फक्त दोन वाक्यं बोलायची होती आणि ती मला तोंडपाठ होती.

"वाढलं म्हणालो," मी म्हणालो. "माणसं वाढली."

तिनं नळ बंद केला.

"उन्मेष," बाहेरून दिवाणांनी हाक मारली, "हे पाहुणे उशिरा आले बघ. परत एकदा होऊन जाऊ दे."

वैजूनं हात पुसले. "जा," ती म्हणाली. "बोलावतायत तुला."

मी गेलो.